पूर्वसंशोधनाचा आढावा : संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमातील एक उपेक्षित प्रकरण

तलाठी कार्यालयातील जुने फेरफार, ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवह्या, प्राथमिक शाळांची जनरल रजिस्टरे हे सारे कागद स्कॅन करून संगणकात साठविणे आज फारसे कठीण राहिलेले नाही. कठीण आहे ती पुढची पायरी. स्कॅन केलेले पान संगणकाच्या लेखी केवळ एक चित्र असते. त्यात कोणाचे नाव लिहिले आहे हे त्याला कळत नाही. आजोबांच्या नावाची नोंद शोधणाऱ्या माणसाला पाने एकेक करून पाहावीच लागतात. फरक इतकाच, की ती दप्तराऐवजी पडद्यावर पाहावी लागतात. हे हस्ताक्षर यंत्राला वाचता यावे असा प्रकल्प संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने हाती घेतला, तर विद्यापीठाची त्याच्याकडून पहिली अपेक्षा प्रोग्रॅम लिहिण्याची नसते. या प्रश्नावर आजवर कोणी काय केले, ते कोठवर पोहोचले आणि कोठे अडले, हे त्याने आधी लिहून द्यावयाचे असते. महाविद्यालयांत याला लिटरेचर सर्व्हे म्हणतात. मराठीत पूर्वसंशोधनाचा आढावा असे म्हणता येईल.

प्रत्यक्षात प्रबंधाचे हे प्रकरण बहुधा सर्वांत शेवटी व घाईने लिहिले जाते. वीस-पंचवीस शोधनिबंधांची नावे घ्यावयाची, प्रत्येकाखाली त्याच्याच सारांशातील चार वाक्ये उतरवावयाची, अमक्यांनी असे केले आणि तमक्यांनी तसे केले असे सांगत पाने भरावयाची, असा प्रघात पडला आहे. याला यादी म्हणता येईल, आढावा म्हणता येणार नाही. आढाव्यात निरनिराळ्या संशोधकांच्या कामाची एकमेकांशी तुलना असावी लागते व त्या तुलनेतून काहीतरी निष्पन्न व्हावे लागते. ते झाले नाही, तर विद्यार्थी वर्षभर राबून दुसऱ्याने दहा वर्षांपूर्वी केलेलेच काम पुन्हा करतो. अथवा न सुटलेला प्रश्न सुटला आहे असे समजून चालतो. दुसऱ्या प्रकारच्या चुकीची झळ विद्यापीठाबाहेरही पोहोचते. अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रस्ताव पुढे आला आणि त्यात ‘अठ्ठ्याण्णव टक्के अचूक वाचन’ असा शब्दप्रयोग असला, तर तो आकडा कशाचा, हे विचारणारा कोणीतरी असावा लागतो.

प्रश्न नेमका करणे

‘देवनागरी अक्षरांची यंत्राद्वारे ओळख’ हा विषय आढाव्यासाठी फारच मोठा आहे. अक्षरे छापील की हाताने लिहिलेली? सुटी अक्षरे ओळखावयाची की सलग शब्द? कागद स्वच्छ की शाई फुटलेला? भाषा हिंदी, नेपाळी की मराठी? शिवाय महाराष्ट्रातील जुन्या अभिलेखांचा मोठा भाग मोडीत आहे आणि मोडीचा प्रश्न स्वतंत्र आहे. तो याच प्रकल्पात ओढला, तर दोन्ही कामे अर्धवट राहतील. म्हणून ‘हस्तलिखित मराठी नोंदींतील शब्दांचे वाचन’ इतका विषय आखून घेणे श्रेयस्कर. आढाव्यात काय घेतले आणि काय वगळले, हेही आरंभीच स्पष्ट लिहावयाचे असते. कील विद्यापीठातील बार्बरा किचनहॅम यांनी २००४ मध्ये सॉफ्टवेअर क्षेत्रातील पद्धतशीर आढाव्यांसाठी जी कार्यपद्धती मांडली, तिचा गाभा हाच आहे: प्रश्न, शोधाची ठिकाणे आणि निवडीचे निकष आधी ठरवावयाचे, निबंध नंतर वाचावयाचे. निबंध हाती आल्यावर निकष ठरविले, तर जे हाताशी सापडले तेवढेच महत्त्वाचे वाटू लागते.

शोध

संगणकशास्त्राचे एक वैशिष्ट्य इतर शाखांच्या प्राध्यापकांना चमत्कारिक वाटते. या शास्त्रात नवे संशोधन पुष्कळदा नियतकालिकांपेक्षा परिषदांच्या इतिवृत्तांत आधी प्रसिद्ध होते. दस्तऐवजांच्या यांत्रिक वाचनासंबंधीची आंतरराष्ट्रीय परिषद १९९१ पासून भरत आली आहे. तिची इतिवृत्ते न पाहता केलेला आढावा अपुरा समजला जाईल. संगणकशास्त्रातील प्रकाशनांची ‘डीबीएलपी’ ही सूची १९९३ मध्ये जर्मनीतील ट्रियर विद्यापीठात सुरू झाली. गूगल स्कॉलर २००४ मध्ये आले. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात विनामूल्य पाहावयास मिळतात. एक साधी गोष्ट येथे ध्यानात ठेवावी लागते. इंग्रजी निबंधांत ‘देवनागरी’ या शब्दाचे स्पेलिंग एकसारखे नसते. मधला ‘ए’ काही जण लिहितात, काही गाळतात. एकाच स्पेलिंगने शोध घेणाऱ्याच्या हातून महत्त्वाचे निबंध निसटतात.

अगदी प्रथम शोधावयाचा तो मात्र एखादा आयता आढावाच. ‘एसीएम कम्प्युटिंग सर्व्हेज’ हे केवळ आढाव्यांना वाहिलेले नियतकालिक १९६९ पासून निघत आहे. प्रस्तुत विषयापुरते पाहिले, तर उमापद पाल व बी. बी. चौधुरी यांचा भारतीय लिप्यांच्या यांत्रिक ओळखीचा आढावा २००४ मध्ये, आणि आर. जयदेवन, सतीश कोल्हे, प्रदीप पाटील व उमापद पाल यांचा केवळ देवनागरीसंबंधीचा आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे २०११ पर्यंतची वाट बरीचशी मळलेली आहे. तेथून पुढे दोन्ही दिशांनी जाता येते: निबंधाच्या शेवटी दिलेल्या संदर्भांवरून मागे आणि त्या निबंधाचा पुढे कोणी उल्लेख केला ते पाहून पुढे. बर्फाचा गोळा लोळत लोळत मोठा व्हावा तशी ही रीत असल्याने तिला ‘स्नोबॉलिंग’ हे नाव पडले. क्लेस वोलिन यांनी २०१४ मध्ये तिचे नियम लिहून काढले. नवे काही सापडेनासे झाले, की थांबावयाचे.

वाचन

शंभर निबंध सापडले म्हणजे शंभरही अथपासून इतिपर्यंत वाचावयाचे नसतात. एस. केशव यांनी २००७ मध्ये एका छोट्या टिपणात तीन फेऱ्यांची पद्धत सांगितली आहे. पहिल्या फेरीत शीर्षक, सारांश, प्रस्तावना, उपशीर्षके व निष्कर्ष एवढेच पाच-दहा मिनिटांत पाहावयाचे. बहुतेक निबंध येथेच बाजूला पडतात. दुसरी फेरी तासाभराची; तीत आकृत्या व तक्ते बारकाईने पाहावयाचे, सिद्धता सोडून द्यावयाच्या. तिसरी फेरी नवशिक्याला चार-पाच तास घेते, आणि तीत लेखकाचे काम मनातल्या मनात पुन्हा उभे करून पाहावयाचे असते. ही तिसरी फेरी मोजक्या निबंधांच्याच वाट्याला येते; पण ती टाळणाऱ्या विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत परीक्षक पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच ओळखतात.

आकडा कशाचा?

वाचलेले मांडावयाचे कसे, हा यानंतरचा आणि खरा प्रश्न. जेन वेबस्टर व रिचर्ड वॉटसन यांनी २००२ मध्ये सुचविल्याप्रमाणे मांडणी लेखकवार न करता कल्पनावार करावयाची. त्यासाठी एक तक्ता आखला जातो. आडव्या ओळींत निबंध; उभ्या रकान्यांत लिपी, छापील की हस्तलिखित, सुटी अक्षरे की शब्द, नमुने किती, लिहिणारे हात किती, पद्धत कोणती, अचूकता किती.

हा तक्ता भरू लागले, की विषयाचा इतिहास आपोआप दिसू लागतो. आर. एम. के. सिन्हा व एच. एन. महाबल यांचा देवनागरीच्या यांत्रिक ओळखीसंबंधीचा निबंध १९७९ चा. पाल व चौधुरी यांनी १९९७ मध्ये बंगाली व देवनागरी या दोन्ही लिप्या वाचणारी पद्धत मांडली. पण ती एकाच टंकातील, स्वच्छ छपाईच्या कागदांवर चांगली चालते, ही मर्यादा त्यांनी स्वतःच नमूद केली होती. शिरोरेषेने सारी अक्षरे एकत्र बांधलेली असल्याने ती सोडवून वेगळी करणे ही त्या काळातील मोठीच अडचण होती. एकमेकांना चिकटलेली अक्षरे कशी तोडावीत, यावर वीणा बन्सल व सिन्हा यांचा २००२ मधील निबंध याच अडचणीतून आला. पुढे अक्षरे तोडण्याचा खटाटोपच सोडून सबंध शब्द एकदम वाचण्याची न्यूरल नेटवर्कची पद्धत आली. छापील देवनागरीसाठी ती हैदराबादच्या आयआयआयटीमधील नवीन शंकरन व सी. व्ही. जवाहर यांनी २०१२ मध्ये वापरली. ‘टेसेरॅक्ट’ हा सर्वांना खुला असलेला अक्षरवाचक प्रोग्रॅम २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत याच जातीच्या पद्धतीकडे वळला.

आता अचूकतेचा रकाना. नेपाळमधील संशोधकांनी २०१५ मध्ये हस्तलिखित देवनागरी अक्षरांचा एक मोठा संग्रह खुला केला. त्यात ९२ हजार चित्रे आहेत आणि त्यावर त्यांना ९८.४७ टक्के अचूकता मिळाली. अनेक प्रकल्प-अहवालांत एवढेच वाक्य उतरविले जाते आणि वाचणाऱ्याला वाटते, की प्रश्न जवळजवळ सुटला. तक्त्याचे उरलेले रकाने भरले, की चित्र पालटते. या संग्रहात ४६ चिन्हे आहेत: ३६ व्यंजने आणि १० अंक. सारी सुटी, काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. क्ष, त्र, ज्ञ सोडल्यास जोडाक्षर नाही. स्वरही नाहीत. आणि मराठी वाचकाच्या चटकन ध्यानात येईल अशी गोष्ट म्हणजे त्यात ‘ळ’ नाही. नेपाळीच्या गरजेसाठी केलेल्या संग्रहात तो नसणे स्वाभाविकच आहे. त्या संशोधकांना दोष देता येणार नाही. परंतु या संग्रहावर शिकलेले यंत्र काळे, कांबळे, कोळी यांपैकी एकही आडनाव नीट वाचू शकणार नाही, आणि गावोगावच्या नोंदवह्यांत ती आडनावे पानापानावर आहेत.

त्या टक्केवारीचाही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ९८.४७ टक्के म्हणजे हजार अक्षरांत सुमारे १५ चुका. प्रत्येक अक्षराची चूक स्वतंत्रपणे होते असे धरले, तर सहा अक्षरांचे नाव पूर्णपणे बिनचूक वाचले जाण्याची शक्यता सुमारे ९१ टक्के येते. म्हणजे दर शंभर नावांत नऊ नावे चुकीची. वृत्तपत्राच्या मजकुरात हे खपून जाईल. वारसाच्या नोंदीत खपणार नाही.

२०१८ मध्ये हैदराबादच्याच संस्थेने हस्तलिखित देवनागरी शब्दांचा सुमारे ९५ हजार नमुन्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. येथे शब्द सबंध आहेत, ही मोठीच प्रगती होय. पण ‘लिहिणारे हात’ हा रकाना पाहिला, तर तेथे १२ हा आकडा येतो. एका तालुक्याच्या पन्नास वर्षांच्या दप्तरात याहून कितीतरी अधिक हस्ताक्षरे सापडतील. टाकाची, बोरूची, बॉलपेनची. यास्तव विद्यार्थ्याने आढाव्याच्या शेवटी लिहावयाचे ते ‘या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे’ असे गुळमुळीत वाक्य नव्हे. अनेक हातांनी, जुन्या कागदावर लिहिलेल्या मराठी नोंदींवर वरील पद्धती तपासल्याचे आपण पाहिलेल्या निबंधांत आढळले नाही, असे त्याला तक्त्यातील रिकाम्या चौकोनांकडे बोट दाखवून म्हणता आले पाहिजे. त्याचा प्रकल्प त्या रिकाम्या चौकोनात बसतो.

उसनवारी आणि बनावट संदर्भ

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास पात्र ठरत नाही. त्यापुढे ४० व ६० टक्क्यांच्या टप्प्यांनी कारवाई कडक होत जाते. हे साम्य यंत्र मोजते आणि ते शब्दांचे असते. शब्द फिरवून दुसऱ्याचा विचार आपला म्हणून मांडला, तर यंत्र गप्प बसेल. मार्गदर्शकाने गप्प बसू नये. अलीकडे दुसरीच आपत्ती उद्भवली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून आढावा यंत्राकडूनच लिहवून घेण्याकडे कल वाढू लागला. अशी यंत्रे कधी कधी अस्तित्वातच नसलेले निबंध, लेखकांची नावे व वर्षे यांसह, सफाईने रचून देतात. न्यूयॉर्कमधील एका न्यायालयाने जून २०२३ मध्ये असेच बनावट न्यायनिवाडे सादर करणाऱ्या वकिलांना ५ हजार डॉलर दंड ठोठावला. विद्यार्थ्याच्या बाबतीत उपाय साधा आहे. यादीतील प्रत्येक निबंधाची प्रत त्याच्याजवळ असली पाहिजे, आणि मार्गदर्शकाने त्यांतील कोणताही एक काढून त्यावर पाच मिनिटे बोलावयास सांगावे.

निबंध विकत घेण्याइतके पैसे नसतात, ही सबब पूर्वी खरी होती. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ योजनेखाली १ जानेवारी २०२५ पासून केंद्र व राज्य शासनांच्या अखत्यारीतील सुमारे ६,३०० उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना ३० प्रकाशकांची जवळजवळ १३ हजार नियतकालिके खुली करण्यात आली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी त्याकरिता ६ हजार कोटी रुपयांची तरतूद आहे.

आढाव्यात शोध कोणत्या तारखेपर्यंत घेतला, ती तारीख नोंदविण्याची चांगली पद्धत आहे. प्रकल्पाला वर्ष लागते आणि तेवढ्या काळात परिषदांची नवी इतिवृत्ते निघालेली असतात. म्हणून प्रबंध सादर करण्यापूर्वी त्याच शब्दांनी, त्याच ठिकाणी शोध पुन्हा घेऊन तक्त्यात नव्या ओळी घालावयाच्या आणि पहिल्या तारखेखाली दुसरी तारीख लिहावयाची.