‘पायऱ्या’ नावाची फाइल

फाइलचा पाथ प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम आपापल्या रीतीने वाचते. नाशिकच्या एखाद्या कार्यालयात गोदाघाटावरचे ॲप विंडोजवर लिहिले जात असेल, चित्रे मॅकवर तयार होत असतील आणि बिल्ड लिनक्सवर चालत असेल, तर हे फरक बहुधा बिल्ड अडल्यावरच कळतात.

सर्वांना ठाऊक असलेला फरक स्लॅशचा. युनिक्सच्या घराण्यात फोल्डरांच्या नावांमध्ये / येतो, विंडोजमध्ये \. १९८१च्या एमएस-डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच आणि / हे चिन्ह आज्ञांच्या पर्यायांसाठी वापरात होते; १९८३मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा \ निवडावे लागले. खरे तर हा फरक सर्वांत निरुपद्रवी. विंडोजही बहुतेक ठिकाणी / चालवून घेते, आणि पायथनचे पाथलिब पाथचे तुकडे त्या त्या यंत्राप्रमाणे जोडून देते. हाताने जोडलेली स्ट्रिंग तेवढी दगा देते.

कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा भेद लिनक्स पाळते. विंडोज आणि मॅक एरवी पाळत नाहीत. त्यामुळे लॅपटॉपवर सापडणारी फाइल सर्व्हरवर हरवते. देवनागरी नावांना ही अडचण नाही. त्यांची अडचण वेगळी आणि जास्त चिवट आहे.

‘पायऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एकाच संकेतांकाने, किंवा साधा र आणि त्यापुढे नुक्ता असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यूटीएफ-८मध्ये मात्र पहिले नाव २१ बाइटचे, दुसरे २४. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम नावातला ऱ फोडूनच साठवत असे. नवी एपीएफएस नाव लिहिले तसे ठेवते आणि शोधताना दोन्ही रूपे एक मानते. लिनक्सच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली. मग यादीत ‘पायऱ्या’ समोर दिसत असते आणि बिल्ड म्हणते, फाइल सापडली नाही. गिटमध्ये मॅकपुरती अशी नावे जोडून घेण्याची सोय आहे. तरी बिल्डच्या सुरुवातीलाच सगळी नावे एनएफसी या युनिकोडच्या जोडलेल्या रूपात आहेत का हे तपासणे अधिक भरवशाचे.

लांबीचाही हिशेब आहेच. लिनक्सच्या ईएक्सटी४वर एका नावाला २५५ बाइट मिळतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट घेते; म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपवावे लागते. विंडोजवर अख्ख्या पाथची जुनी मर्यादा २६० चिन्हांची. २०१६पासून विंडोज १०मध्ये ती सेटिंग बदलून उठवता येते, पण प्रोग्रामनेही तशी तयारी ठेवलेली असावी लागते. म्हणून विंडोजवर प्रकल्पाचे फोल्डर थेट ड्राइव्हच्या मुळाशी ठेवले जाते.