रान वाढले की नजर?

१९९९ च्या अहवालात भारताचे वनाच्छादन ६,३७,२९३ चौरस किलोमीटर होते. २००१ च्या अहवालात ते ६,७५,५३८ झाले. दोन वर्षांत एवढे रान उगवले कोठून? बहुतेक उगवले नव्हते, दिसू लागले होते! डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने उपग्रहचित्रांवरून होणाऱ्या नकाशांचे प्रमाण १:२,५०,००० वरून १:५०,००० वर आणले. नकाशावरचा दोन मिलिमीटरांचा चौकोन पूर्वी २५ हेक्टरांचा, आता एकाच हेक्टराचा! साहजिकच गावाशेजारची देवराई, आमराईही हिशेबात आली. दाट रानातली मोकळी जागा मात्र वगळली गेली. तेव्हा आकडा फुगला की आधी विचारावे, चष्मा तर बदलला नाही ना? नाहीतर कुऱ्हाडीने नेलेले रान नव्या भिंगाआड सहज लपायचे!