दम्यावर स्टिरॉइड लागू का पडत नाही?

दम्याच्या बहुतेक रुग्णांना स्टिरॉइडच्या पंपाने आराम पडतो. परंतु काहींची धाप महिनोन्‌महिने औषध घेऊनही हटत नाही. मग "नशिबाचे भोग" म्हणून उपचार सोडला जातो आणि गंडेदोरे सुरू होतात. तथागतांनी दुःखाचे कारण शोधावयास शिकविले. तोच कार्यकारणभाव येथेही लावून पाहावा, असे आम्हांस वाटते.

दमा म्हणजे केवळ श्वासनलिकांचे आकुंचन नव्हे. त्यांच्या अस्तरास आलेली दीर्घकाळची सूज हे त्याचे मूळ होय. स्टिरॉइड पेशीत शिरून तेथील एका विशिष्ट प्रथिनास चिकटते. ही जोडी पेशीकेंद्रात जाऊन सूज वाढविणाऱ्या जनुकांचे काम थांबविते. या साखळीतील एखादा दुवा निखळला, की औषध शरीरात जाऊनही सूज तशीच राहते. अशा रुग्णांचे वर्णन अमेरिकेतील डॉक्टरांनी १९६८ सालीच केले होते.

दुवा का निखळतो? पहिले कारण धूर. जनुके थांबविण्याच्या कामी स्टिरॉइडला एचडीएसी-२ या विकराची मदत लागते. विडी-सिगारेटच्या धुराने हे विकर दुबळे होते. दुसरे कारण सुजेचा प्रकार. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींमुळे आलेली सूज स्टिरॉइडने सहसा ओसरते. न्यूट्रोफिल पेशींची सूज मात्र फारशी दाद देत नाही. तथापि अजिबात दाद न देणारे रुग्ण विरळाच. अनेकांना केवळ अधिक मात्रा लागते.

म्हणूनच "औषध लागू नाही" असे ठरविण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात. पंप रोज घेतला जातो काय? दाबणे आणि श्वास आत ओढणे एकाच वेळी साधते काय? न साधल्यास औषध घशातच राहते. अशा वेळी स्पेसर वापरावा. घरात चुलीचा वा विडीचा धूर, कामावर धूळ आहे काय? आणि रोग खरोखर दमाच आहे ना? क्षय, हृदयविकार यांतही धाप लागते. पुष्कळदा दोष येथेच सापडतो.

एवढे करूनही गुण न आल्यास छातीच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे. रक्ततपासणीवरून सुजेचा प्रकार पाहून देण्याची इंजेक्शने आता निघाली आहेत. ओमॅलिझुमॅबला २००३ साली, तर मेपोलिझुमॅबला २०१५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ती महाग आहेत आणि सर्वांना चालत नाहीत, हेही खरे.

एक इशारा मात्र आवर्जून द्यावासा वाटतो. दीर्घकाळ चालू असलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नयेत; जिवावर बेतू शकते. तसेच तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावरच विसंबून राहू नये, कारण त्याने सूज उतरत नाही.

आमच्या विद्यार्थी मित्रांनी घरातील वडीलधाऱ्यांना एकदा पंप घेऊन दाखवावयास सांगावे व चूक दिसल्यास डॉक्टरांकडून पद्धत शिकून घ्यावी. डॉ. बाबासाहेबांनी दिलेल्या शिक्षणाच्या मंत्राचा असाही उपयोग व्हावा, हीच सदिच्छा. जयभीम!