अंगणातील दिवा व बांधाजवळचे सोयाबीन

वर्धा शहरास लागून असलेल्या नालवाडीसारख्या गावी वस्ती व शेते एकमेकांस भिडू लागली आहेत. अशा ठिकाणी घरापुढील दिवा रात्रभर जळत असला, तर त्याच्या उजेडात येणारा सोयाबीनचा पट्टा कापणीच्या वेळीही हिरवाच राहतो. उरलेले शेत पिवळे पडून पाने गाळते. शेतकरी बंधू पुष्कळदा दोष बियाण्यास किंवा खतास देतात. परंतु हिरवा पट्टा नेमका दिव्यासमोरच असेल, तर दोष दिव्याचा समजावा.

सोयाबीन हे लहान दिवसाचे पीक होय. रात्रीचा अखंड अंधार पुरेसा लांबला म्हणजे त्यास फुलोरा येतो. रात्री उजेड पडत राहिल्यास रोप पाने व फांद्याच वाढवीत बसते. शेंगा उशिरा धरतात आणि एकाच शेतात दोन कापण्या करण्याची पाळी येते. तूरही बहुधा याच स्वभावाची आहे.

दुसरा उपद्रव किडींचा. पहिल्या पावसानंतर निघणारे हुमणीचे भुंगेरे आणि पाने खाणाऱ्या अळीचे पतंग दिव्याकडे ओढले जातात. प्रकाश सापळ्यात ते पाण्यात पडून मरतात. अंगणातील दिव्याखाली मरत नाहीत, शेजारच्या पिकात उतरतात. पांढऱ्या, निळसर झाक असलेल्या एल.ई.डी. दिव्यावर कीटक अधिक येतात, पिवळसर दिव्यावर कमी. मात्र पिवळा दिवा लाविला म्हणून सोयाबीनची सुटका होत नाही. त्यास तांबूस किरणही जाणवतात. तेथे आडोसाच हवा.

याकरिता दिवा काढून टाकण्याचे कारण नाही. विंचूकाट्याच्या भीतीने अंगणात उजेड लागतोच, व तो असावा. दिव्याचे तोंड जमिनीकडे करून वर पत्र्याची पसरट टोपी बसवावी. कडा बल्बच्या खाली येतील एवढी ती खोल असावी. वर जाणारा उजेडही अंगणातच पडून कमी शक्तीचा दिवा पुरतो. टोपी बसविण्यापूर्वी वीज बंद करावी, आणि दिवा तापू नये म्हणून वारा खेळण्यास जागा ठेवावी. रात्री पिकात उभे राहून पाहावे: बल्ब डोळ्यांस दिसत असेल, तर टोपी अपुरी आहे.

खांबावरील दिव्यास कोणी स्वतः हात लावू नये. ते काम ग्रामपंचायतीमार्फत करून घ्यावे. आपल्याच विदर्भात असे झाले आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पालगतच्या सिलारी, पिपरिया, खापा इत्यादी गावांत शंभराहून अधिक दिवे जमिनीकडे वळविण्यात आले. २०२४ च्या जानेवारीत पेंचला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तेथील हेतू तारे दिसावेत हा होता. टोपीचे तत्त्व तेच.

जूनअखेर पेरलेल्या सोयाबीनला साधारणतः पाच-सहा आठवड्यांत फुले येऊ लागतात. तेव्हा गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बांधालगतच्या दिव्यांची पाहणी पेरणीबरोबरच करावी. फुलोऱ्याची वेळ टळल्यावर दिवा झाकून त्या हंगामात फारसा लाभ होत नाही.