पळीभर तेलाचा इतिहास

आमच्या धाकट्या नणंदेनं धुळ्याला बी. ए. झाल्यावर जाहीर केलं, "मी इतिहासात एम. ए. करणार, आणि पुढे जुन्या मठ-मंदिरांच्या शिलालेखांवर संशोधन!" घरात एकच गडबड उडाली. सासूबाई म्हणाल्या, "दगडे वाचीसन पोट भरस का?" खरं सांगू? मीही मनातून त्यांच्याच बाजूची होते. मी स्वतः बी. ए., शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. पण संशोधन म्हणजे आपल्याला न परवडणारी चैन, असंच वाटे.

नवरात्रात आम्ही चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या दर्शनाला गेलो. इथेच डॉ. भाऊ दाजी लाड यांना शके ११२८ चा, म्हणजे सुमारे इ. स. १२०७ चा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यानं इथे मठ काढला. लेख बहुतेक संस्कृतात, पण शेवटचा भाग मराठीत, ज्ञानेश्वरीच्याही आधीचा!

"त्यात काय आहे, ठाऊक आहे का वहिनी?" नणंद सांगू लागली. "बाजारातल्या मालावर गिऱ्हाइकांकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला. दर घाण्यामागे पळी-पळी तेल. आणि इथे जे काही मापायचं, ते मठाच्याच मापानं!"

मी थक्क झाले. सत्तेची खूण म्हणजे मुकुट, तलवार, छत्र एवढंच मी मुलांना शिकवत आले. इथे तर माप हीच सत्तेची खूण! मध्ययुगीन युरोपातही धान्य दळायच्या गिरण्या पुष्कळदा ख्रिस्ती मठांच्या ताब्यात असत. आणि घरात तरी वेगळं काय? कोठीतलं माप जिच्या हाती, घर तिच्या हाती!

अशा कामात बाईनं आयुष्य घालवणं नवं नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. शोभना गोखले (१९२८–२०१३) यांनी शिलालेख वाचले. कान्हेरीच्या लेखांवरचा त्यांचा ग्रंथ १९९१ साली निघाला. आणि आपल्या धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहेच. साधनं दाराशी आहेत, जायला पाऊल हवं.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. एकदम म्हणाल्या, "मठनं माप मोठं व्हतं का धाकलं?"

नणंद हसली. "आई, तेच तर मला शोधायचंय!"

घरी आल्यावर पदराची गाठ सोडत सासूबाईच ह्यांना म्हणाल्या, "पोरीच्या फीचं बघ. स्थळंही बघू, पण आधी फी."

मैत्रिणींनो, तुमच्या घरातली एखादी मुलगी असं काही 'बिनकामाचं' शिकू म्हणाली, तर नाही म्हणण्याआधी ती काय शोधते आहे, तेवढं जरूर विचारा.