लाल डोळा : नेत्रदाहाची वेळीच ओळख

उमरखेड तालुक्यात पैनगंगेच्या काठच्या शिवारांत सोयाबीनची सोंगणी व त्यामागोमाग कापसाची वेचणी सुरू झाली, की डोळ्यात कुसळ जाणे, पानाची कड किंवा पऱ्हाटीची काडी लागणे, ही नित्याची बाब होते. डोळा चुरचुरतो, लाल होतो; ‘डोळे आले असतील’ असे समजून काम तसेच चालू राहते. परंतु लाल झालेला प्रत्येक डोळा म्हणजे डोळे येणे नव्हे. नेत्रदाहाचे प्रकार निरनिराळे आहेत आणि एका प्रकारावरील औषध दुसऱ्या प्रकारात घातक ठरू शकते.

दाह नेमका कोठे?

पापणीच्या आतील व डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाचा दाह म्हणजे डोळे येणे. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात त्याची मोठी साथ आली होती. विषाणूजन्य प्रकार बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. वारंवार हात धुणे व रुग्णाचा टॉवेल वेगळा ठेवणे, हे संसर्ग रोखण्याचे मुख्य उपाय होत.

दुसरा प्रकार पारपटलाचा, म्हणजे काळ्या बुबुळावरील काचेसारख्या पारदर्शक पडद्याचा. त्यावर ओरखडा उठल्यास तेथून जीवाणू किंवा बुरशी आत शिरते व व्रण होतो. शेतात काम करणाऱ्यांत बुरशीचा व्रण विशेष आढळतो. व्रण भरला तरी पांढरा वण राहू शकतो. त्यालाच लोक ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतात.

तिसरा प्रकार डोळ्याच्या आतील, रक्तवाहिन्यांनी युक्त अशा मधल्या थराचा. यास युव्हिआयटिस म्हणतात. डोळा ठणकतो, उजेड सहन होत नाही, नजर अंधुक होते. याचे मूळ काही वेळा क्षयरोगात किंवा संधिवाताच्या विशिष्ट प्रकारात असते.

तपासणी व उपचार

नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्प या उपकरणाने प्रकाशाचा अरुंद झोत टाकून डोळ्याचे थर मोठे करून पाहतात. फ्लुओरेसीन रंगाचा थेंब घातल्यावर निळ्या प्रकाशात ओरखडा हिरवा चमकतो. व्रणाची खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, की बुरशीचे तंतू ओळखता येतात. युव्हिआयटिसमध्ये, कवडशात धूळ तरंगावी तशा डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात तरंगणाऱ्या पेशी दिसतात. त्यांच्या संख्येवरून दाहाची तीव्रता ठरते.

बुरशीच्या व्रणावर नॅटामायसिनचे थेंब प्रारंभी तासातासाला व पुढे काही आठवडे घालावे लागतात. युव्हिआयटिसमध्ये स्टेरॉइडचे व बाहुली विस्फारणारे थेंब देतात. तेच स्टेरॉइड बुरशीच्या व्रणात घातले, तर लाली तात्पुरती कमी भासते, पण बुरशी आत पसरते. म्हणूनच दुकानातून परस्पर थेंब आणून घालू नयेत. मध, एरंडेल किंवा आईचे दूध घालण्याची प्रथाही सोडावी.

पहिल्या दिवसाचे महत्त्व

नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात गावातीलच प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी पारपटलावर ओरखडा उठलेल्या ग्रामस्थांना तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, इजेनंतर १८ तासांच्या आत उपचार सुरू झालेल्या एकाही व्यक्तीस व्रण झाला नाही. दृष्टी वाचवणारे साधन महाग नव्हते. ते वेळेवर मिळाले, एवढेच.

शेतीच्या हंगामात हीच गोष्ट ग्रामपंचायतीने व शाळेने घरोघरी पोहोचवावी. डोळ्याला काडी लागली, तर डोळा न चोळता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. डोळा दुखत असेल, उजेड सोसत नसेल, नजर अंधुक झाली असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर विनाविलंब नेत्रतज्ज्ञ गाठावा. यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे जिल्ह्यातील मोठे उपचारकेंद्र होय. सोंगणीचा एक दिवस बुडाला, तर तो भरून काढता येतो. बुबुळावर पडलेले फूल मात्र औषधाने जात नाही.