एनसीसीत हुकूम द्यायला शिकणारी मुलं

शाळेच्या मैदानावर खाकी गणवेशातली मुलं दिसली, की अनेक पालकांना ती नुसती कवायत वाटते.

एनसीसी, म्हणजे राष्ट्रीय छात्र सेना, 1948 च्या कायद्याने उभी राहिली. शाळेत मुलांसाठी ज्युनियर डिव्हिजन, मुलींसाठी ज्युनियर विंग. दोन वर्षांचं प्रशिक्षण, मग 'ए' प्रमाणपत्राची परीक्षा.

खरं शिक्षण हुकूम देताना होतं. 'थम' हा थांबण्याचा हुकूम नेमक्या पावलावर द्यावा लागतो. जरा उशीर झाला की अख्खी रांग विस्कटते. चौदा वर्षांची मुलगी आपल्याच मैत्रिणींना खणखणीत आवाजात थांबवते. पुढच्या परेडला त्यांच्यातली एखादी हुकूम देते, तेव्हा हीच मुलगी निमूट रांगेत उभी राहते. ही अदलाबदल सगळ्यात मोलाची!

एनसीसीच्या शिबिरात तर हुकूम देणाऱ्यांनीही आपलं ताट स्वतःच घासायचं.

पाल्य आठवीत जाणार असेल, तर शाळेत एनसीसी आहे का ते आधीच विचारा.